मधली मोकळी जागा

रेसकोर्स आखताना घोड्याइतकाच प्रेक्षकाच्या नजरेचा विचार करावा लागतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. इंग्लंडातील एप्समला ही आखणी जणू टेकडीनेच केली आहे : घोड्याच्या नालाच्या आकाराची वाट आधी चढते, मग उतरत टॅटनम कॉर्नरला डावीकडे वळते, उतारावर तोल न राखणारा घोडा तिथेच मागे पडतो. मुंबईच्या महालक्ष्मीला असा उतार नाही. 1883 पासूनच्या त्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवरचे सारे नाट्य स्टँडमधून पलीकडची सरळ पट्टी दिसण्यावर अवलंबून आहे. मधली जमीन उघडी आहे ती त्यासाठी. (पैज न लावणाऱ्या मुंबईकरांना तिथे फिरता येते, हा आनुषंगिक लाभ!) 2024 मध्ये इथल्या 211 पैकी 120 एकर जमीन सार्वजनिक उद्यानाकडे वळवण्याचे ठरले. उद्यानाला आमचा विरोध नाही. क्लबपेक्षा शहराचा हक्क आम्ही मोठाच मानतो. परंतु मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा, असे समजून तिथे टेकाडे, दाट झाडी वा इमारती योजणारा नकाशा शर्यतीचे दृश्य तर मोडीलच, शिवाय या शहरात दुर्मीळ झालेले सलग आकाशही हिरावून घेईल. उद्यान करावे, पण ते गवताचेच असावे.