खाडाखोड आणि दुरुस्ती

बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात हेड क्लार्कनी एक धडा दिला. लेजरमध्ये चूक झाली तर खोडरबर नाही, ब्लेड नाही, आकड्यावर आकडा गिरवणे तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही खालचा आकडा वाचता येईल अशी. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली सही करायची. लपवली ती खाडाखोड, सही केली ती दुरुस्ती. आयकराच्या कायद्यातही हा फरक जपलेला आहे, हे मला नीट उमगले ते २०२४ च्या डिसेंबरात, मैंदर्गीत.

अक्कलकोट ओलांडून दुधनीच्या वाटेला लागले की मैंदर्गी येते. नगरपरिषद असली तरी माणसे त्याला गावच म्हणतात. घरात कानडी, बाजारात दोन्ही भाषा. आयकराची कचेरी सोलापुरात, आणि इन्कम टॅक्स हे पेठेतल्या व्यापाऱ्यांचे दुखणे अशी बाकीच्यांची समजूत. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी मोबाईल पुढे धरून दारात उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा कुणी गेल्यासारखा होता.

“साहेब, पस्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. आता सरकार मलाच चोर म्हणतंय.”

संदेशात चोर हा शब्द नव्हता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या महिन्यात एक मोहीम काढली होती. विवरणपत्रातले उत्पन्न आणि खात्याकडची माहिती जुळत नाही, त्यांना एसएमएस आणि ईमेल जात होते. पण इंग्रजीतला सरकारी संदेश आपल्याकडे कुणी वाचत नाही, त्याला घाबरतात.

गुरुजींची चूक साधी होती. त्या आर्थिक वर्षात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, पेन्शन ५ लाख ७६ हजार. प्रमाणित वजावटीचे ५० हजार गेले की ५ लाख २६ हजार. नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंत कर शून्य. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाने जुलैत तेवढेच भरले आणि दोनशे रुपये घेतले. राहिले ते मुदत ठेवींचे व्याज, २ लाख १४ हजार. “ते व्याज मी अजून घेतलंच नाही हो, ठेवीतच आहे,” गुरुजी म्हणाले. ठेवीतच राहिलेले व्याजही बँक दरवर्षी तुमच्या नावावर दाखवते आणि ते ‘एआयएस’ या वार्षिक माहितीपत्रकात जाऊन बसते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. एकूण ७ लाख ४० हजार. कर २९ हजार, त्यावर ४ टक्के उपकर, मिळून ३० हजार १६०.

मग टीडीएस का कापला नाही? कारण दर एप्रिलला गुरुजींनी १५एच भरून दिला होता. माझे एकूण उत्पन्न करपात्र नाही, असे ते प्रतिज्ञापन असते. इथे मला माझीच मान खाली घालावी लागली. काउंटरपलीकडे बसून किती म्हाताऱ्यांपुढे मी हा कागद सरकवला असेल! “इथं सही करा, टॅक्स कापणार नाही.” कापणार नाही म्हणजे लागणार नाही, असे ऐकणाऱ्याने समजावे, यात त्याचा दोष किती?

गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. दुकानातला मुलगा म्हणाला, गप्प बसा, काही होत नाही. एका शेजाऱ्याचे मत, स्वतःहून कळवले की नजरेत येता. अहो, आकडा त्यांच्याकडे आधीच पोचलेला आहे, आता नजर ती कसली चुकवायची? खात्याने चूक काढली तर चुकवलेल्या कराच्या निम्मा दंड. मुद्दाम खोटे दाखवले असे ठरले तर दुप्पट. पण आपणहून ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरले तर दंड नाही, विलंब शुल्कही नाही. १९६१ च्या कायद्यातले कलम १३९ पोटकलम ५ म्हणजे ती आडवी रेघ आणि शेजारची सही.

आम्ही दोन संध्याकाळी बसलो. आधी कर भरला. चलनात करनिर्धारण वर्ष २०२४-२५ निवडायचे. इथे एक वर्ष पुढचे निवडून पैसे भलत्याच खात्यात टाकणारे मी पाहिले आहेत. मग ‘सहज’ या नावाचा, पण नावाला न जागणारा आयटीआर-१. त्यात १३९(५) निवडायचे, मूळ पोचपावतीचा क्रमांक आणि तारीख घालायची. गुरुजींना वाटले, फक्त व्याजाचा आकडा भरला की झाले. तसे नाही. सुधारित पत्र जुन्याची जागा घेते, म्हणून पेन्शनपासून सगळे पुन्हा भरावे लागते. व्याज बँकवार ‘एआयएस’शी ताडून घ्यायचे. भरलेल्या चलनाचा बीएसआर कोड, तारीख, क्रमांक घालायचा राहिला तर भरलेलाच कर पुन्हा मागितला जातो. शेवटी आधारच्या ओटीपीने पडताळणी, तीस दिवसांच्या आत. तिच्यावाचून सगळे केलेले पाण्यात.

सरकारची मात्र दुरुस्तीच्या बाबतीत एक खोड आहे. चूक आमची असेल तर तारीख पक्की. यंत्राची असेल तर कोर्टात जावे लागते. त्याच वर्षी ५ जुलैला खात्याने संगणक प्रणाली बदलली आणि नव्या करप्रणालीतल्या लहान करदात्यांना शेअर्सच्या अल्पकालीन नफ्यावरील करात ८७ए ची सूट मागणेच अशक्य झाले. मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था उच्च न्यायालयात गेली. २० डिसेंबरला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, तेव्हा मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. २४ जानेवारीच्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मागणी बरोबर की चूक ते पुढे ठरेल, पण प्रणालीच्या जोरावर ती करण्याचीच वाट बंद करता येणार नाही. सूट मागण्यासाठी आधी कोर्टाची पायरी चढावी लागावी, हे मला अजून पटलेले नाही.

मुदतीनंतरची २०२२ साली काढलेली ‘अद्ययावत विवरणपत्रा’ची वाटही एकाच दिशेची. कर वाढत असेल तर या, जादा रक्कम भरा. आपणच कर जास्त भरला असेल तर ते दार आपल्यासाठी नाही. कुठल्या शाखेत मी खातेदाराला असे सांगितले असते, तर त्याने मला खुर्चीतून उठवले असते.

गुरुजींचे पत्र २७ डिसेंबरला गेले. जानेवारीत ते पोचपावतीची छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले. चहा झाला. उठताना म्हणाले, “साहेब, व्याज तर त्याच्या आदल्या वर्षीही होतंच की.”

मी सांगितले, त्या वर्षाला आता अद्ययावतच भरावे लागेल. मार्चअखेरपर्यंत करावर पंचवीस टक्के जादा, नंतर पन्नास.

ते पुन्हा खाली बसले. खिशातून पेन काढले आणि पिशवीतल्या पासबुकाची पाने मागे उलटू लागले.