एवढ्याशा जिवाला काय कळतंय?

बाळाचे कान टोचायची वेळ आली की घरातली कुणीतरी काकू हमखास म्हणते, ‘आत्ताच उरकून घ्या, नंतर दुखतं.’ काकूंना नावं ठेवण्यात अर्थ नाही. हेच मत डॉक्टरांनी विसाव्या शतकात बराच काळ शास्त्र म्हणून मिरवलं आणि त्याच्या जोरावर नवजात बाळांच्या छात्या उघडल्या.

1985 साली वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात अकाली जन्मलेल्या मुलाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर आपोआप मिटायला हवी होती ती रक्तवाहिनी बांधली गेली. छाती पुढून पाठीपर्यंत चिरली, फासळ्या फाकवल्या. दीड तासात त्याला दिलं होतं ते पॅनक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे करणारं औषध. त्याने वेदना तसूभरही कमी होत नाही. हलता आणि रडता मात्र येत नाही. काही आठवड्यांनी मूल गेलं. आईने कागदपत्रं मिळवली तेव्हा हा प्रकार उघड झाला. अशा बाळांना वेदना होतात हे कधी सिद्धच झालेलं नाही, असं तिला ऐकवण्यात आलं.

युक्तिवाद असा होता की बाळाच्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण पुरतं चढलेलं नसतं, म्हणून वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही. मग मोठ्या माणसाची ठणकणारी दाढ? तो ठणका वाहून नेणारे तंतू जन्मभर मायलिनशिवायच असतात. आवरण नसलं तर संदेश सावकाश जातो, एवढंच. आणि बाळाच्या अंगात त्याला जायचं तरी किती लांब? उलट वेदनेला वरून आवर घालणारी मेंदूची यंत्रणा त्या वयात कच्ची असते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: भूल झेपणार नाही. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर. प्राणवायू किलोमागे मोठ्यांच्या दुप्पट लागतो, म्हणून श्वास अडला की बघता बघता ओठ निळे पडतात. भीती खोटी नव्हती. पण त्यासाठी नेमका डोस हवा, डोळ्यांत तेल घालून देखरेख हवी आणि बाळांना भूल देण्याचा हात बसलेला भूलतज्ज्ञ हवा. इंदूरला डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांनी सोळा अकाली बाळांवर, हृदयाजवळची तीच रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत, चाचणी केली. सगळ्यांना नायट्रस ऑक्साइडची हलकी भूल आणि स्नायू लुळे करणारं क्युरारे, हा तेव्हाचा रिवाज. त्यातल्या आठांना वर फेंटानिल, म्हणजे जोरदार वेदनाशामक. फेंटानिल न मिळालेल्या बाळांची ताणाची संप्रेरकं उसळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त. म्हणजे भूल झेपत नव्हती हे खोटं. झेपत नव्हती ती वेदना. हा अभ्यास 1987 मध्ये छापून आला. केवळ वय लहान म्हणून भूल नाकारता येणार नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याच वर्षी सांगितलं.

आता लंबक दुसरीकडे गेलाय. भुलीने मूल मंद होईल, ही आईबापांची नवी धास्ती. 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीन वर्षांखालच्या मुलांबद्दल इशारा दिला होता खरा, पण तो तीन तासांहून लांबलेल्या किंवा पुनःपुन्हा दिलेल्या भुलीबद्दल. तो प्रश्न अजून मिटलेला नाही, हे मान्य. पण हर्नियाच्या 722 तान्ह्या बाळांत निम्म्यांना संपूर्ण भूल आणि निम्म्यांना जागेपणी कमरेखालची भूल देऊन पाच वर्षांनी बुद्ध्यांक तपासला, तेव्हा फरक सापडला नाही. ती भूल साधारण तासाभराची होती. एवढ्या भुलीच्या धाकाने हर्निया लांबणीवर टाकायचा आणि आतडं अडकून मध्यरात्री धावपळ करायची, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

शस्त्रक्रियागृहात जुनं मत हरलं. नवजात अतिदक्षता कक्षात ते अजून टिकून आहे. रक्तासाठी टाच टोचताना बाळाचा चेहरा पाहा: भुवयांमध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकाच्या कडेने घडी पडते, मॉनिटरवर प्राणवायूचा आकडा घसरतो. फार अशक्त बाळ रडतही नाही, आणि मग ‘शांत आहे हो’ असं कौतुक होतं! टोचण्याआधी दोन मिनिटं जिभेवर साखरेच्या द्रावणाचे थेंब, किंवा पाजता येत असेल तर आईचं दूध, एवढ्यानेही वेदना कमी होते. लस टोचताना बाळाला अंगावर पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2015 मध्ये सांगितलंय. आपल्याकडे मात्र ‘आई, तुम्ही जरा बाहेर थांबा’ म्हणून दार लोटलं जातं आणि मग सुई उचलली जाते.