बांधावरचा हिशेब : बिनबिलाची पिशवी



मध्यंतरी रजा काढून लेकीकडे मुंबईला, जुहूला गेलो होतो. तिच्या इमारतीचा रखवालदार अकोट तालुक्यातला निघाला. मी शेतकी खात्यातला, हे कळताच त्याने विचारले, "साहेब, गावाहून भावाचा फोन आला. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही, असं बियाणं घेऊ म्हणते. पगारातून पैसे पाठवू काय?"

प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. त्याच्याच तालुक्यात, अकोली जहांगीर येथे, १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेच्या लोकांनी हेच एचटीबीटी कपाशीचे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला होता. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण २०२५च्या खरिपापर्यंत या बियाण्याला सरकारची परवानगी मिळालेली नव्हती. म्हणून ते चोरून विकले जाते, आणि लोक त्याला 'चोर बीटी' म्हणतात.

आम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आकडे त्याच्या घरचे. तुम्ही तुमचे घाला. एकरी दोन निंदण्या, दर खेपेला आठ बाया, मजुरी ३०० रुपये. झाले ४,८०० रुपये. मान्य बीजी-२ बियाण्याच्या पिशवीची कमाल किंमत २०२५च्या खरिपाला ९०१ रुपये होती. चोर बीटीची पिशवी त्याच्या भावाला १,५०० रुपयांना सांगितली होती. एकरी दोन पिशव्यांमागे सुमारे १,२०० रुपये जादा. तणनाशकाच्या दोन फवारण्या मजुरीसह १,६०० रुपये. म्हणजे एकरी २,००० रुपये वाचले. रखवालदाराचा चेहरा खुलला.

मी विचारले, "कपाशीत तूर घेता का?" म्हणाला, "घेतो की, एकरी क्विंटलभर होते." आता पाहा, हे तणनाशक कपाशीला मारत नाही, पण तुरीला मारते. म्हणजे तूर सोडावी लागेल. २०२५-२६चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. त्या ओळींत कपाशी लावून अर्धा क्विंटल वाढली, तरी मध्यम धाग्याच्या ७,७१० रुपये भावाने ३,८५५ रुपये येतील. काढणी-वेचणीचा खर्च दोन्हीकडे आहेच. तोटा चार हजारांवर आणि बचत दोन हजार! शिवाय वाऱ्याने फवारा शेजाऱ्याच्या सोयाबीनवर गेला, तर भांडण वेगळे.

ज्याच्या शेतात तूर नाही, तो म्हणेल, माझे तर दोन हजार वाचतात. त्याने बिलाचा विचार करावा. बियाणे उगवले नाही, तर बिल असलेला शेतकरी तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज करतो, पंचनामा होतो, भरपाईसाठी भांडता येते. बिनबिलाच्या पिशवीची तक्रार कोणाकडे करणार? आत काय आहे, बोंडअळीला ते दाद देईल का, हेही कोणी लिहून देत नाही. तणनाशकाचीही तीच गत. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२मध्ये निर्बंध घातले.

अमेरिकेत अशी पिके १९९६पासून आली. सुरुवातीला तण साफ झाले. पण तेच औषध वर्षानुवर्षे मारल्याने २००५च्या सुमारास जॉर्जिया राज्यात माठाच्या कुळातले एक तण त्याला दाद देईनासे झाले, आणि कपाशीत पुन्हा माणसे लावून ते उपटावे लागले.

मग निंदणाचा खर्च कमी कसा करावा? पेरणीनंतर, उगवणीपूर्वी, जमिनीत ओल असताना पेंडिमिथॅलीन फवारावे. मात्रा डब्यावरच्या माहितीपत्रकाप्रमाणेच घ्यावी. तूर असेल तर तुरीसाठीही ते चालते का, हे आधी विचारून घ्यावे. त्यानंतर वेळेवर डवरणी करावी. वाफसा चुकवू नये. आठ दिवस उशीर झाला की दोन बाया जादा लागतात. राहिलेले तण ओळीतले, त्याला एक निंदण पुरते.

रखवालदाराला मी म्हणालो, "पैसे जरूर पाठव बाबा, पण भावाला सांग, आधी बिल, मग पिशवी." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

तुम्हीही आज जेवणानंतर घरधनिणीला जवळ बसवून असाच हिशेब मांडा. निंदणाला किती बाया लागल्या, हे तिला तुमच्यापेक्षा चांगले आठवते. आणि पिशवी, तिच्यावरची चिठ्ठी व मूठभर बियाणे बिलासोबत हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.