शब्द फिरविणारे शेजारी

इंदूरच्या आजीबाई पुण्याच्या नातवाशी पडद्यावर बोलू लागल्या, की ते बोलणे कोणत्या वाटेने जाते याची चौकशी त्या करीत नाहीत. परंतु ती वाट ठरविण्याची जी रीत आहे, तीत घरगुती व्यवहारासही लागू पडावे असे काही आहे.

इंटरनेट हे एकसंध जाळे नव्हे. कंपन्या, विद्यापीठे, सरकारी खाती यांची हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांस जोडली जाऊन ते उभे राहिले. त्यावर कोणी मुख्य अधिकारी नाही, की सर्व वाटांचा नकाशाही कोणापाशी नाही. प्रत्येक जाळे शेजाऱ्यास कळविते, 'अमुक पत्त्यांकडे जाणारी वाट माझ्याकडून आहे'. शेजारी तेच पुढे कळवितो. ही पद्धत १९८९ साली अमेरिकेत कर्क लॉहीड आणि याकॉव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर आखली. तिचे सुधारलेले रूप आजही चालू आहे.

आता एखादी तार सैल झाली, तर ती वाट क्षणात 'आहे' आणि क्षणात 'नाही' होते. असा प्रत्येक बदल दूरदूरच्या यंत्रांना कळवावा लागतो, आणि प्रत्येक यंत्राला आपला हिशेब पुन्हा मांडावा लागतो. १९९० नंतरच्या दशकातील यंत्रे या भाराने थकून जात. म्हणून एक उपाय निघाला व १९९८ साली तो नियमाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. वाटेने शब्द फिरविला, की तिच्या नावे दोषांक मांडावयाचे. ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की काही काळ त्या वाटेवर विश्वास ठेवावयाचा नाही. वाट शांत राहिली तर दोषांक उतरत जातात. पुष्कळ ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी ते निम्मे होत. शिक्षा होती, तशी क्षमाही होती.

उपाय न्याय्य दिसला, तरी त्यात एक खोट होती. वाचकहो, एखादी वाट एकदाच बंद पडली, तरी ती वार्ता सर्वांना एकाच वेळी पोहोचत नाही. एक शेजारी दुसऱ्याकडून जाणारी लांबची वाट पुढे करतो, तीही मूळ वाटेवरच अवलंबून असल्याने थोड्याच वेळात मागे घ्यावी लागते, मग तिसरी. मूळ जाळे दोनच गोष्टी बोलले : 'बंद झाली' आणि 'सुरू झाली'. दूरच्या यंत्राच्या कानी मात्र अनेक उलटसुलट निरोप येतात, आणि ते सारे दोषांक त्याच वाटेच्या माथी मारते. रमेश गोविंदन व जॉर्ज व्हर्गीस यांच्यासह चार संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले, की अशाने बऱ्यापैकी स्थिर वाटही तासभरापर्यंत वाळीत पडू शकते. तार दुरुस्त झालेली असते, पण पलीकडच्या माणसांशी संपर्क होत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच!

२००६ साली युरोपातील जाळेचालकांच्या 'राइप' या मंडळाने हा उपाय वापरू नये, असा सल्ला दिला. पुढे आढळले, की बराचसा गोंधळ मोजक्या वाटांचाच असतो. तेव्हा २०१३ साली त्याच मंडळाने सल्ला बदलला : उपाय ठेवावा, पण दोषांकांची मर्यादा पुष्कळ वाढवावी, म्हणजे खरा चंचल तेवढा सापडेल आणि एकदाच अडखळलेला सुटेल.

चार घरे फिरून आलेल्या बोलण्यावरून एखाद्याला दोष देण्यापूर्वी, तो स्वतः किती वेळा बोलला आणि मधल्यांनी त्यात किती भर घातली, एवढे पाहिले तरी पुष्कळ अन्याय टळेल.