गाणी उत्तम, अभिनय यथातथा : ‘धर्मात्मा’विषयीचा एक सोयीस्कर निवाडा

संगीत नाटक आणि संगीतप्रधान चित्रपट यांच्या बाबतीत मराठी समीक्षेने एक वाक्य जणू छापूनच ठेवले आहे : गाणी उत्तम, अभिनय यथातथा. वाक्य समतोल दिसते आणि त्यामुळे कोणी दुखावतही नाही. वस्तुतः हा निवाडा नसून निवाड्यातून काढलेली पळवाट आहे. गाणे आणि अभिनय हे दोन वेगळे जिन्नस असून त्यांना दोन रकान्यांत स्वतंत्र गुण देता येतात, असे ते गृहीत धरते. गायकनटाच्या परंपरेत मात्र गाणे हाच अभिनय असतो. मग गाणे उत्तम आणि अभिनय पडेल, हे एकाच वेळी संभवते कसे? या दोन विधानांपैकी एक तरी चुकीचे असले पाहिजे. ते कोणते, हे ठरविण्याचे कष्ट आपली समीक्षा घेत नाही.

या वाक्याचा सर्वांत ठळक बळी म्हणजे प्रभातचा ‘धर्मात्मा’ (१९३५). दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत मास्टर कृष्णराव यांचे, आणि एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. त्या वेळी नारायणरावांनी वयाची सत्तेचाळीस वर्षे ओलांडली होती, गंधर्व नाटक मंडळी कर्जाने वाकली होती, आणि बोलपटाने रंगभूमीचा प्रेक्षक ओढून नेला होता. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. ते गांधींकडे बोट दाखविते म्हणून सेन्सॉरने आक्षेप घेतला आणि ‘धर्मात्मा’ आले. विषय अस्पृश्यतेचा होता. आंबेडकरांची येवल्याची घोषणा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली, चित्रपट डिसेंबरातला. (या सान्निध्याकडे आपल्या चित्रपटसमीक्षेने किती अभावाने पाहिले आहे, हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) इतके सारे जुळून आलेले असताना पदरी पडली ती निराशा. करार अनेक चित्रपटांचा होता, निघाला एकच. नारायणराव रंगभूमीकडे परतले.

या निराशेची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की लुगडे सुटले आणि बालगंधर्व संपले. पुरुषवेषात ते उघडे पडले. दुसरे असे की स्त्रीभूमिकांत मुरलेला देह कॅमेऱ्याच्या जवळिकीला टिकत नाही. तिसरे, जे विशेष विद्वत्तापूर्ण मानले जाते, ते असे की नाट्यसंगीताला आळवणीचा अवकाश लागतो, समोरच्या श्रोत्याचा ‘वन्समोअर’ लागतो, आणि चित्रफितीवर या दोन्ही गोष्टी नसतात.

तिन्ही स्पष्टीकरणे वस्तुस्थितीपुढे टिकत नाहीत. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त बालगंधर्वांनी पुन्हा लुगडे नेसले, मीराबाईची भूमिका केली, आणि तो चित्रपटही चालला नाही. दुसऱ्या स्पष्टीकरणाला विष्णुपंत पागनीस उत्तर देतात. स्वदेश हितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिका केलेला हा नट. त्याच प्रभातच्या, एकाच वर्षाने आलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) हा देह इतका पटला की चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. राहिले तिसरे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका साडेतीन मिनिटांच्या आतल्या, तिथे ना आळवणी, ना वन्समोअर, ना मुखदर्शन. तरीही त्या घरोघर गेल्या. म्हणजे अवकाशाचा संकोच आणि श्रोत्याची अनुपस्थिती या गोष्टी त्या गळ्याला मारक ठरलेल्या नाहीत. रोलाँ बार्त यांनी १९७२ साली ज्याला आवाजाचा पोत म्हटले, त्याचा उल्लेख अलीकडे अशा ठिकाणी केल्याशिवाय लेख पुरा होत नाही. पण पोत ‘धर्मात्मा’तही आहेच. तो असूनही प्रसंग का पडतो, हा प्रश्न बार्त यांना पुढे करून सुटत नाही.

‘संत तुकाराम’शी तुलना नेहमी होते, आणि तिथेच आपली समीक्षा सर्वांत मोठी चूक करते. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात सालोमालो हा दांभिक कीर्तनकार तुकोबांचे अभंग आपले म्हणून गातो, आणि गातो ते नाटकी, तानाबाजीच्या ढंगाने. तुकोबांचे गाणे साधे, शब्दाला धरून चालणारे. केशवराव भोळे यांनी ही विभागणी जाणीवपूर्वक केली आहे. शांताराम आठवले यांनी लिहिलेली एक रचना लोकांनी तुकोबांचीच समजावी, इतके ते साधेपण अस्सल वाटले. यावरून निष्कर्ष काढला जातो की साधे गाणे म्हणजे सत्य, नटवे गाणे म्हणजे खोटेपणा, आणि म्हणून गंधर्वगायकी बोलपटात हरणारच होती. एका पात्राच्या चारित्र्यासाठी योजलेला संकेत अशा रीतीने संगीतशैलीवरचा निकाल म्हणून फिरवला जातो. मला तर या प्रसंगांतून नेमका उलटा पुरावा मिळतो. सालोमालोचे नटवे गाणे पडद्यावर अतिशय परिणामकारक आहे. भागवत यांनी ती भूमिका गाण्यातूनच उभी केली आहे. चोरी, आत्मप्रौढी, श्रोत्यांची खुशामत हे सारे तानेतच घडते. म्हणजे नाट्यसंगीताचा ढंग प्रभातच्याच पडद्यावर, ‘धर्मात्मा’नंतर एकाच वर्षात, यशस्वी झाला होता. तो खलपात्राला मिळाला होता, इतकेच.

‘धर्मात्मा’त उणे आहे ते हे की गाण्याला करण्यासाठी काही कामच ठेवलेले नाही. एकनाथाचा निर्णय कथा सुरू होण्यापूर्वीच झालेला आहे. मुलगा रुष्ट होतो, महंत कारस्थान करतो, गाव वाळीत टाकते. एकनाथ मात्र आरंभी जितका शांत तितकाच शेवटी. संघर्ष त्याच्याभोवती आहे, त्याच्यात नाही. त्यामुळे तो गातो तेव्हा प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक आहे तेच सुरात पुन्हा ऐकावे लागते. गाणे सद्गुणाचे प्रमाणपत्र होते. चित्रपट आठवताना चिमुकल्या वासंतीची भूमिका ठळक आठवते, याचे कारण तिच्या निरागसतेत शोधणे पुरेसे नाही. तिला हवे आहे काहीतरी. तिला एकनाथ आपल्या घरी जेवायला हवे आहेत.

कोणी म्हणेल, सद्गुणी पात्र हाच दोष असेल तर ‘एकच प्याला’तली सिंधू काय कमी सद्गुणी आहे? आक्षेप रास्त आहे. पण सिंधूचे गाणे तिच्या सद्गुणाविषयी नसते. दळण दळताना ती जे सोसते आणि नवऱ्यापासून, भावापासून जे लपविते, ते बोलण्यात दाबले जाते आणि सुरात निसटते. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी भावासमोर जी इच्छा उच्चारू शकत नाही, तीच भास्करबुवांच्या चालींत उघड होते. बालगंधर्वांचा अभिनय या फटीत राहत असे, बोललेले आणि गायिलेले यांच्यातील अंतरात. ‘धर्मात्मा’च्या संहितेने ही फटच बुजवून टाकली. त्याच १९३५ सालच्या हॉलिवूडच्या ‘टॉप हॅट’मध्ये फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या नृत्याला आणि अभिनयाला वेगळे गुण द्यावेत असे कोणाच्या मनात येत नाही, कारण अनुनय नृत्यातच घडतो, नृत्य काढले तर कथा पुढे सरकत नाही. तेव्हा ‘धर्मात्मा’तील गाणी उत्तम आहेत हे विधानच मागे घेतले पाहिजे. ती सुस्वर आहेत. संगीत नाट्यात सुस्वर असणे आणि उत्तम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्वद वर्षांपूर्वीच्या बोलपटाचा हा वाद भंडारा जिल्ह्यातील करडीहून उकरून काढण्यास कारण आहे. भाताची कापणी झाली, मंडई आणि शंकरपट सुरू झाले की आमच्या झाडीपट्टीत आजही रात्रभर नाटक चालते, आणि वाद्यमेळ समोर घेऊन नट स्वतः गातो. या रंगभूमीविषयी शहरातून जे थोडेफार लिहिले जाते त्यात तेच छापील वाक्य पुन्हा भेटते, फक्त किंचित उदार स्वरात : गाणी जोरकस, अभिनय भडक. दंडार आणि खडी गंमत यांच्या मुशीतून आलेला हा नट गद्यात थांबतो कोठे, सूर धरतो कोठे, आणि त्या उडीत पात्राचे काय होते, याची नोंद कोणी करीत नाही. नोंद होत नसल्यामुळे दुसरी एक गोष्टही सुटते. अलीकडे कथेशी संबंध नसलेली नाचगाणी बाहेरून आणून प्रयोगात घातली जातात. शहरी समीक्षक त्यांना अभिरुचीच्या नावाने नाक मुरडतो, पण त्याच्या दोन रकान्यांच्या मापाने त्यांना आणि नटाच्या स्वतःच्या पदाला एकाच खान्यात टाकावे लागते, कारण दोन्हीही त्याच्या लेखी ‘गाणी’च. नाट्यसंस्थेचा मालक तरी वेगळा हिशेब का करील? ज्या पदातून पात्र घडते ते पद लांबते म्हणून कापले जाते आणि त्या वेळात नाच बसतो. पहाटे प्रयोग संपतो तेव्हा गाण्यांची संख्या तेवढीच भरलेली असते.