ऊब आपली, धूर कुणाचा?

बर्मिंगहॅमला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तिथे एक जुनं घर घेतलं. बैठकीच्या खोलीत विटांची फायरप्लेस आहे. "मामू, त्यात लाकडावर चालणारं इन्सर्ट बसवतो म्हणतो. कोणतं घेऊ?" असा त्याचा प्रश्न. माझं उत्तर त्याला आवडलं नाही. पण असा विचार करणारे आपले कोकणी लोक परदेशात आणखीही असतील, म्हणून ते इथे लिहितो.

आधी इन्सर्टची बाजू. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. इन्सर्ट म्हणजे त्याच पोकळीत बसणारी, काचेच्या दाराची लोखंडी पेटी. आत हवा बेताने येते, लाकूड नीट जळतं, आणि चांगल्या बनावटीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त उष्णता खोलीला मिळते. उघड्या आगीपेक्षा ती कितीतरी बरी, यात वाद नाही.

पण तुलना उघड्या आगीशी करायचीच कशाला? भाच्याच्या घरात गॅसचं सेंट्रल हीटिंग आहे. सरकारी मान्यता असलेलं नवं इन्सर्टसुद्धा गॅसच्या बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म कण हवेत सोडतं. हे कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात आणि फुफ्फुसात खोलवर जातात. दार उघडून लाकूड घालताना त्यातले काही खोलीत येतात, बाकीचे धुराड्यातून शेजाऱ्यांकडे जातात. भिंतीला भिंत लागून असलेल्या त्या घरांत आपली ऊब आपली असते, धूर मात्र सगळ्या गल्लीचा होतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट धुरकं बसलं आणि हजारो माणसं मेली. तिथे कोळशाचा वाटा मोठा होता, पण धडा धुराचा होता. १९५६ साली क्लीन एअर ॲक्ट आला तो त्यातूनच.

आणि त्या घरात माझी आपा राहते, भाच्याची आई. तिने रत्नागिरीकडे वीस-बावीस वर्षं चुलीवर भाकऱ्या भाजल्या. फुंकणीने जाळ फुंकताना डोळे चोळणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आपाला आज दमा आहे. इकडे बायकांची धुरातून सुटका व्हावी म्हणून २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस जोडण्या दिल्या गेल्या, आणि तिकडे आपण शोभेसाठी विकतचा धूर घरात आणायचा?

"लाईट गेली तर?" असं भाचा म्हणतो. गॅसचा बॉयलरही विजेशिवाय चालत नाही, हे खरं. खेड्यात, जिथे गॅसची लाईन नाही आणि वीज वरचेवर जाते, तिथे इन्सर्ट ही गरज असू शकते. त्यांनी ते जरूर घ्यावं, पण काही गोष्टी पाळाव्यात. खोलीच्या मानाने मोठं घेऊ नये. साध्या खोलीला पाच किलोवॅट सहसा पुरतात. मोठं घेतलं की माणूस हवा कोंडून ते मंद जाळतो, मग धूर वाढतो आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. त्याच थराने पुढे आग लागते. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल नसावी. बसवणारा नोंदणीकृत असावा, धुराडं वर्षातून एकदा तरी साफ व्हावं, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. हा वायू वासाने कळत नाही.

म्हणून कंपनी आणि किंमत नंतर बघावी. दुसरी ऊब घरात आहे का आणि धूर कुणाच्या छातीत जाणार, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. पहिल्याचं उत्तर 'आहे' असेल, तर ती फायरप्लेस थंडच बरी. तिथे पुस्तकं मांडा, तीही छान दिसतात.