गिरणगावच्या रक्ताचा इतिहास

१/ मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास म्हटला की भोंगा, चाळ आणि संप डोळ्यांपुढे येतात. त्या इतिहासाचे एक साधन मात्र क्वचितच हाताळले जाते : तिथल्या गर्भवती कामगार स्त्रियांचे रक्त.

२/ तांबड्या पेशी हिमोग्लोबिनच्या साहाय्याने फुप्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचवतात. त्यांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला २० लाखांच्या घरात नव्या पेशी घडवाव्या लागतात. गर्भारपणात ही गरज आणखी वाढते.

३/ १९२८ मध्ये इंग्रज संशोधक लूसी विल्स मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत त्यांनी या स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. तांबड्या पेशी संख्येने थोड्या, आकाराने मात्र अवाजवी मोठ्या होत्या. कारण जंतूंत सापडले नाही. ते ताटात सापडले.

४/ यीस्टपासून बनणारे मार्माइट हे स्वस्त खाद्य गुणकारी ठरले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हटले गेले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केलेले फॉलिक आम्ल ते हेच. त्याच्याविना डीएनए नीट घडत नाही. पेशी वाढते, पण विभागत नाही. पुढे अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत तयार केले.

५/ ही कथा सहसा एका शास्त्रज्ञाचा विजय म्हणून सांगितली जाते. विल्स यांचे श्रेय निर्विवाद आहे आणि तेही उशिराच मिळाले. तरीही कथा अपुरी राहते. आजार जर निकृष्ट आहाराचा होता, तर तो मजुरीचाही होता. चमचाभर अर्काने रक्त सुधारले. ताट रिकामे ठेवणारी व्यवस्था त्याने बदलली नाही.

६/ आज जगभरातील गर्भवती स्त्रिया फॉलिक आम्लाची गोळी घेतात. त्या ज्ञानाची पहिली किंमत मोजणाऱ्या मुंबईच्या कामगार स्त्रियांची नावे या कथेत कुठेच येत नाहीत.

७/ म्हणून कामगारांच्या इतिहासकाराने पगारपत्रकाशेजारी रक्ततपासणीची नोंदही ठेवून वाचावी. संपाच्या घोषणा त्या काळाचा संताप सांगतात. तांबड्या पेशींची मोजणी त्या काळाची भूक सांगते. इतिहासाला दोन्हींची साक्ष हवी.